बॉक्सएन वॅगन, शकुंतला आणि आपल्याकडची धूळ: रेल्वे मॉडेलांची बांधणी, रंगकाम, वेदरिंग

माजरी_फाटक

नमस्कार मंडळी. कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन वॅगनींची (वरून उघड्या मालडब्यांची) मॉडेलं बनवतोय, १:८७ म्हणजे एचओ मापात. बांधणी जमते, पण वेदरिंगवर (मॉडेल मळलेलं, गंजलेलं, वापरातलं दिसावं म्हणून करायच्या रंगकामावर) बोलायला माणसं हवीत म्हणून धागा काढला. वणी-घुग्घुस-बल्लारशा पट्ट्यातले कोणी असाल तर उत्तमच, वऱ्हाडातल्या नॅरोगेजवाल्यांनीही यावं.

आधी बांधणीचं सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. बॉक्सएनची कपलरपासून कपलरपर्यंत लांबी १०,७१३ मिमी, मॉडेलमध्ये १२३ मिमी. दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) मध्यांतलं अंतर ६,५२४ मिमी, ते बरोबर ७५ मिमी येतं. बोगीतल्या दोन ॲक्सलमध्ये २ मीटर, म्हणजे २३ मिमी. चाक १ मीटर व्यासाचं, म्हणजे साडेअकरा मिमी. एवढी मापं पक्की धरली की डबा लांबूनही ओळखू येतो. बाकीच्या ठिकाणी अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तर डोळा माफ करतो.

मॉडेलांसाठी लागणारी पातळ स्टायरीन शीट तालुक्याला मिळत नाही. सनबोर्ड (फोमची शीट) मिळतो, पण ३ मिमीचा. या मापात ती भिंत पाव मीटर जाड दिसते, म्हणून सनबोर्ड फक्त तळाला. बाजूंना मुदत संपलेली एटीएम कार्डं आणि पीव्हीसीची ओळखपत्रं. त्यांची जाडी पाऊण मिमी, धार सरळ राहते, पट्टी ठेवून कटर फिरवला की कट स्वच्छ येतो. कार्ड साडेपंच्याऐंशी मिमी लांब आणि वॅगनची बाजू ११२ मिमी, म्हणजे सांधा येणारच. तो बाहेरच्या उभ्या पट्टीखाली घ्यायचा. मधे न घेता एका बाजूला घेतला तर आतूनही तितकासा दिसत नाही. वरच्या काठाला आडवी पट्टी चिकटवली की कार्डाची जाडी झाकली जाते. चिकटवायला फेविक्विक, फटी भरायला फेविक्विकवर चिमूटभर खायचा सोडा. लगेच कडक होतं आणि कानशीनं घासता येतं.

वजनासाठी अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेचं प्रमाण पाळतो: एचओच्या डब्याला १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या वॅगनला साधारण ९५ ग्रॅम होतात. वॅगन भरलेली असेल तर कोळशाखाली काहीही लपतं. रिकामी दाखवायची असेल तर तळाच्या सनबोर्डात खाचा करून लोखंडी वॉशर बसवावे लागतात.

आता प्रश्न. नेटवरचे वेदरिंगचे व्हिडिओ बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या गाड्यांचे. त्यात डबा आतून-बाहेरून एकसारखा गंजवतात. आमच्या फाटकावरून जाणारी वॅगन तशी नसते. बाहेरून ती तांबूस कमी आणि राखाडी-काळपट जास्त असते, आतला पत्रा तर काही ठिकाणी चकाकतो. हे कशामुळे होतं ते कळलं तर ब्रश कुठे फिरवायचा तेही कळेल.

---

मालडबा

माजरीकर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मी रेल्वेत सी अँड डब्ल्यू (डबे-वॅगनींच्या देखभालीच्या) विभागात होतो, आता निवृत्त. जेवढं डोळ्यांखालून गेलं तेवढं सांगतो.

चालत्या वॅगनचा आतला पत्रा दर खेपेला कोळशानं घासला जातो. गंज धरतो आणि पुढच्या खेपेला निघून जातो. म्हणून आतून मूळ रंग घ्यायचा तो गडद पोलादी राखाडी. त्यावर ताज्या, केशरी गंजाचे पातळ पट्टे द्या, तेही कोपऱ्यांत आणि तळाच्या कडेनं, जिथे ओला चुरा साचतो. वॅगन पावसात बरेच दिवस उभी राहिली तरच सगळा आतला भाग तांबडा होतो. तेव्हा तुमची वॅगन कालच रिकामी झाली आहे की यार्डात पडून आहे, हे आधी ठरवा.

वरचा काठ नीट बघा. वीज केंद्रात बॉक्सएन टिपलरवर धरून उलटी करतात. तिथल्या पकडीनं काठावर ठोके बसतात, रंग उडतो, क्वचित पट्टी वाकते. सगळा काठ सारखा खरवडू नका. ठिगळ ठिगळ घ्या.

आणि एक विनंती. बोगीच्या टोकाशी तेलाचे काळे ओघळ काढायची फार पद्धत आहे. बॉक्सएनच्या कॅसनब बोगीला रोलर बेअरिंग असतं, बंद पेटीचं. त्यातून तेल गळत नाही. जुन्या चारचाकी मालडब्यांना साधी बेअरिंगं होती, ॲक्सल बॉक्समध्ये तेल भरावं लागे, त्यांना ते ओघळ शोभतात. बॉक्सएनच्या बोगीवर कोरडी धूळ आणि ब्रेकचा भुगा, एवढंच.

---

बनोसा

मालडबा काका, असा प्रतिसाद पाच व्हिडिओ पाहूनही मिळत नाही. मनापासून आभार.

मी दर्यापूरचा, शकुंतलेचा (यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज गाडीचा) माणूस. २ फूट ६ इंच म्हणजे ७६२ मिमी गेज. १:८७ ला भागलं की ८.७६ मिमी येतं, आणि एन गेजचा (एचओहून लहान मॉडेलांचा) रूळ ९ मिमीचा. फरक पाव मिमी. याला एचओई म्हणतात: शरीर एचओचं, चाकं एनची. ब्रॉडगेजवाल्यांना हे सुख नाही. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ ला तो सव्वाएकोणीस मिमी व्हायला हवा, पण बाजारातला रूळ साडेसोळा मिमीचाच. समोरून पाहिलं की डबा अरुंद रुळावर उभा आहे हे कळतं. नॅरोगेज करणाऱ्याला प्रमाण आयतं मिळतं, म्हणून विदर्भात राहून नॅरोगेज न करणं मला पटत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, पुलगाव-आर्वी, नागपूर-नागभीड, नागपूर-छिंदवाडा, एवढे छोटे मार्ग आपल्या अंगणात होते.

सध्या झेडडी या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल हातात आहे. मूळ इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं, १९२३ पासून शकुंतला ओढायचं, १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं आणि डिझेल आलं. बॉयलरला जाड मार्करची नळी घेतली आहे, रिव्हेटांच्या जागी फेविकॉलचे सुईनं टेकवलेले थेंब. फेविकॉल सुकल्यावर बसतो, म्हणून थेंब हवा त्यापेक्षा थोडा मोठा टेकवायचा.

रंगाबद्दल एक आग्रह आहे. वाफेचं इंजिन काळं म्हणून बाटलीतला शुद्ध काळा मारू नका. खरं इंजिन आपण पंधरा-वीस मीटरवरून पाहतो, मधल्या हवेनं आणि उन्हानं काळा फिका पडतो. मॉडेलवर शुद्ध काळा मारला की सगळे बारकावे त्यात बुडतात, हाताने बसवलेले रिव्हेटसुद्धा. काळ्यात थोडा राखाडी आणि चिमूटभर तपकिरी टाकतो. धुरपेटी आणि चिमणी जास्त तापते, तिथला रंग जळून निस्तेज झालेला असतो, तो आणखी वेगळा राखाडी.

दुसरं म्हणजे पाणी. आमचा पूर्णेचा खोरा म्हणजे खारपाण पट्टा. जड पाण्यात बॉयलर चालला की धुलाईच्या प्लगांपासून आणि इंजेक्टरच्या नळीखाली पांढरे क्षाराचे ओघळ उतरतात. ते काढायला पांढऱ्यात किंचित पिवळट मिसळून बारीक ब्रशनं वरून खाली ओढतो, मग ओल्या बोटानं अर्धं पुसतो. पुसल्यावर जे उरतं ते खऱ्यासारखं दिसतं.

---

तान्हापोळा

बनोसा भाऊ, चिमणी आन डोम लाकडाचे काहून नाही करत? आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल होते पिढीजात, चाकं लेथवर काढतो. त्याच लेथवर म्या एका पोराले इंजिनाची चिमणी काढून देल्ली, वरचा ओठ सुद्धा आला बरोबर. सागवान घेऊ नका, त्याची नस मोठी असते, रंगाखालून दिसते. हळदूचं लाकूड घ्या. पिवळसर, गच्च, बारीक काम झेलते. आधी सँडिंग सीलर, मंग लांबी (फटी भरायची पुटी) पातळ करून बोटानं चोळायची, वाळली का बारीक पॉलिश पेपर. नस दिसली तर पुन्हा लांबी. घाई केली का रंग मारल्यावर लाकूड हाय हे कळतेच.

गावात सुतार असन तर त्याच्यापाशी जाऊन बसा. माप कागदावर मोठं काढून न्या, मिलिमीटर सांगू नका नुसते.

---

बनोसा

@तान्हापोळा, हे डोक्यातच आलं नव्हतं. वाळूपेटीचा घुमट नळ्यांतून काही केल्या जमत नव्हता. हळदूचा तुकडा शोधतो.

---

घुग्घुसकर

गंजासाठी सोपा उपाय: जुन्या वखराचा नाहीतर पत्र्याचा गंज खरवडून वस्त्रगाळ करा आणि तोच लावा. खरा गंज, खरा रंग. विकतच्या पावडरींना पैसे कशाला?

---

माजरी_फाटक

@घुग्घुसकर, नुसत्या ठेवायच्या मॉडेलवर चालेल. धावणाऱ्या मॉडेलवर कृपया नको. खरवडताना गंजाबरोबर लोखंडाचे कण येतात. रुळावरून ते उडून इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटतात, मोटर हळूहळू घासून खराब होते. पावडरमधून चुंबक फिरवून पाहा, काय चिकटतं ते दिसेलच.

गेरू आहे ना आपल्याकडे, किराणा दुकानात खडे मिळतात. गेरू, चुलीची राख, कंदिलाची काजळी आणि शेतातली काळी माती, चारही वस्त्रगाळ करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवली आहेत. गेरूत किंचित हळद मिसळली की ताजा केशरी गंज होतो, पण हळद उन्हात उडते, म्हणून उघड्यावर राहणाऱ्या मॉडेलला पिवळी माती घ्या. काजळी अगदी थोडी घ्या, ती सगळं गिळते.

---

डुको_गन

माझं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे, वरुडला. मॉडेल करत नाही, पण भाचा करतो म्हणून बरंच हाताखालून गेलं. रंग मारण्याबद्दल सांगतो, कारण निम्मी मॉडेलं वेदरिंगच्या आधीच बिघडतात.

एप्रिल-मेमध्ये दुपारी गन किंवा स्प्रेचा डबा धरू नका. पंचेचाळीस डिग्रीत रंगाचा थेंब हवेतच सुकतो, पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्याची भुकटी होते. मग हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. त्यावर कितीही रंग मारा, खरखर जात नाही, घासूनच काढावी लागते. उन्हाळ्यात पहाटे मारा, अंतर कमी ठेवा, थिनर सावकाश उडणारा घ्या. हीच खरखर मॉडेलवर हवी असेल, उदाहरणार्थ इंजिनाच्या छताला, तर मुद्दाम लांबून मारा. पण ती ठरवून मारलेली असावी.

पावसाळ्यात उलटं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर, विशेषतः वार्निशवर, पांढरी झाक येते. पाऊस लागला असेल तर वार्निश थांबवा. अगदीच घाई असेल तर स्प्रेचा डबा आणि मॉडेल दोन्ही बल्बखाली कोमट करून मग मारा. आगीजवळ मात्र कधीच नाही, थिनर आणि स्प्रे दोन्ही पेट घेतात.

अस्तर चुकवू नका. पीव्हीसी कार्ड गुळगुळीत असतं, आधी बारीक पॉलिश पेपरनं घासा, साबणाच्या पाण्यानं धुवा, मग प्लॅस्टिक प्रायमर, मग राखाडी प्रायमरचा पातळ हात. राखाडीवर जे ओरखडे, फटी दिसतात ते नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. तेव्हाच लांबी भरा. वॅगनचा मूळ रंग रेड ऑक्साईड, पण बाजारातला सरळ घेतला तर लहान मॉडेलवर फार गडद बसतो, त्यात थोडा पांढरा आणि राखाडी मिसळा.

थ्रीडी प्रिंट करून आणणाऱ्यांसाठी: पीएलए प्लॅस्टिकचा भाग साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतो. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर सरळ भिंत वाकडी होते.

---

रुईबोंड

मी अकरावीत आहे, पुसदजवळच्या गावात. मोटर, रूळ, कंट्रोलर यातलं काहीच परवडणार नाही. तरी सुरुवात करता येईल का? आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि शाईचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सगळे सांगतात, ते आयपीए इथे कुठे मिळतं?

---

माजरी_फाटक

@रुईबोंड, नक्की करता येईल. एकच वॅगन करा, न धावणारी. चाकं सुद्धा कार्डाच्या चकत्या एकावर एक चिकटवून होतात. पूर्ण वॅगन वहीच्या पुठ्ठ्याची चालते. पुठ्ठा कापून झाल्यावर कडांना पातळ फेविक्विक पाजायचं, तो प्लॅस्टिकसारखा कडक होतो. उघड्या दारात बसून करा, त्याचा वास डोळ्यांत जातो. मोटर पुढे कधीही घेता येते. हात आणि नजर यांनाच वेळ लागतो.

आयपीए मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं, ते बोर्ड साफ करायला वापरतात. थोडंसं मागून घ्या. त्यात काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकचे दोन-चार थेंब टाकून सगळ्या डब्यावर एकदा फिरवलं की शाई खाचांत आणि पट्ट्यांच्या कडेला जाऊन बसते. एवढं लक्षात ठेवा: खाली पाण्याचा ॲक्रिलिक रंग असेल तर आयपीए तो उठवतं. शाळेतलेच रंग वापरणार असाल तर वॉश पाण्याचा करा आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पाणी गोळा न होता पसरतं.

रंग उडालेला दाखवायला जाडं मीठ. आधी गंजाचा रंग मारून त्यावर वार्निशचा हात द्या. पूर्ण वाळलं की पाण्यानं ओलं करून जिथे रंग उडालेला हवा तिथे मिठाचे दाणे टाका आणि सुकू द्या. मग वरून रेड ऑक्साईड मारा. वाळल्यावर मीठ बोटानं चोळून काढा, खालचा गंज वेड्यावाकड्या आकारात उघडा पडतो. ब्रशनं इतका वेडावाकडा आकार मुद्दाम काढता येत नाही.

---

मालडबा

रुईबोंड, बाळा, सुरुवात कर. वॅगनवरचा नंबर आधी वाचायला शिक, वेदरिंगचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मालडब्याचा नंबर अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अंक डब्याचे स्वतःचे, शेवटचा तपासणीचा अंक. पाचवा-सहावा अंक ०८ असेल तर डबा २००८ चा. आता तू त्याला नवा कोरा रंगवलास तर जाणकाराला खटकेल. पण डब्यावर पीओएचची तारीखही रंगवलेली असते. पीओएच म्हणजे ठरावीक मुदतीनं वर्कशॉपात होणारी पूर्ण दुरुस्ती. ती ताजी असेल तर जुना डबा सुद्धा नव्या रेड ऑक्साईडमध्ये दिसतो, ठोके मात्र जुनेच राहतात. रंग नवा आणि पत्रा जुना असा डबा बनवून बघ, फार थोडे लोक बनवतात.

एकाच रेकमधल्या (मालगाडीतल्या) सगळ्या वॅगनी सारख्या मळवू नका, हे सगळ्यांनाच सांगतो. रेकमध्ये वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या वेळी पीओएच झालेले डबे एकमेकांना जोडलेले असतात. तांबड्या, काळपट, राखाडी अशा छटा शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत.

---

बनोसा

नंबर पांढऱ्या अक्षरांत कसे छापता, माजरीकर? साधा प्रिंटर पांढरा छापत नाही.

---

माजरी_फाटक

पांढऱ्या डेकल (मॉडेलवर उतरवायच्या स्टिकरच्या) कागदावर रेड ऑक्साईडचीच पट्टी छापून अक्षरं कोरी सोडतो. पट्टीचा रंग डब्याशी जुळवणं हेच खरं काम. आधी छटांचे ठोकळे छापून डब्यावर धरून पाहायचे, तेही दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली फसगत होते. रेडियमवाल्याकडे कापून घ्यायचा विचार केला होता, पण त्याचं मशीन दीड मिमीचं अक्षर कापत नाही. डेकल नेहमी चकचकीत वार्निशवर बसवा. मॅटवर बसवलं तर खाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. सगळं झाल्यावर मॅट, आणि पावडर त्याच्या वर. पावडरीवर पुन्हा वार्निश मारलं तर ती निम्मी दिसेनाशी होते, म्हणून मारायचं असेल तर पावडर थोड्या जड हातानं लावा.

काका, आणखी एक विचारतो. भरलेल्या वॅगनीत कोळसा कसा रचावा? खरा कोळसा कुटून चाळून घेतला आहे, पातळ फेविकॉलनं चिकटवणार आहे.

---

मालडबा

खराच घ्या, त्याच्यासारखी चमक कशाला येत नाही. चाळणीतून दोन जाडीचे काढा: बारीक भुकटी आणि दीड-दोन मिमीचे खडे. याहून मोठा खडा या मापात घमेल्याएवढा दिसतो.

रचना भरण्याच्या पद्धतीवर. सायलोखाली (कोळशाच्या उंच टाकीखाली) रेक हळूहळू सरकतो आणि कोळसा वरून पडतो, त्यामुळे ढीग सलग, बराचसा सारखा. पेलोडरनं भरलेल्या वॅगनीत बादली जिथे रिकामी झाली तिथे उंचवटे, मधे खोलगट. दोन्हीत खडे घसरून कडेला येतात, भुकटी वर आणि मधे राहते. काठावर आणि बाहेरच्या उभ्या पट्ट्यांच्या टोकांवर थोडी भुकटी सांडू द्या. कोळशाची धूळ उडू नये म्हणून पाणी मारतात, तेव्हा बाजूंवरून काळं पाणी उतरतं. ते पट्ट्यांच्या मधल्या पत्र्यावर सरळ रेघांत येतं, खाली जाता जाता फिकं होतं. तुमच्या शाईच्या वॉशनंच काढा, पण डबा उभा धरून.

बोगीचा फोटो टाका चिकटवण्याआधी. ब्रेकच्या भुग्याचा रंग बघून सांगतो.